नऊ बॅगा की दहा?

प्रश्न : सर, मी दहावीत आहे, गाव दारव्हा तालुक्यात. क्लासमध्ये गणित होतं की बाबांजवळ ७००० रुपये आहेत, डीएपीच्या ३ बॅगा घ्यायच्याच, एक बॅग १३५० ची, गाडीभाडं ४००, तर एका बॅगेला २६६.५० वाल्या युरियाच्या जास्तीत जास्त किती बॅगा येतील? माझं उत्तर ९.५७ आलं, मी राउंड करून १० लिहिलं तं चूक दिली. आणि मधात ≤ चं चिन्ह उलटं होऊन ≥ कायले होते तेही सांगा ना.
— एक विद्यार्थिनी, जि. यवतमाळ

उत्तर : पोरी, तुझी मांडणी एकदम बरोबर आहे, हे आधी सांगतो. डीएपीचे ४०५० आणि भाड्याचे ४०० गेले की हातात राहतात २५५०, म्हणजे युरियाच्या बॅगा क्ष धरल्या तर २६६.५०क्ष ≤ २५५०, इथपर्यंत काहीच गडबड नाही. आता १० बॅगा घेऊन पाहा, २६६५ होतात, ११५ रुपये कमी पडले, कृषी केंद्रवाला देईल का? नाही ना. म्हणून ९.

पैशाच्या गणितात पॉइंटनंतर पाच आहे की सात हे पाहायचंच नाही, गोष्ट काय म्हणते ते पाहायचं. 'जास्तीत जास्त' म्हटलं की खाली यायचं. 'कमीत कमी' असलं की वर जायचं. समज आईला सायकलसाठी कमीत कमी ४५०० पाहिजेत, १००० जमा आहेत, एका ब्लाउजच्या शिलाईचे १५० मिळतात, तर ब्लाउज क्ष धरून १५०क्ष ≥ ३५००, उत्तर २३.३३, आणि इथं राउंड करून २३ लिहिलं तर ५० रुपये कमी, म्हणून २४ ब्लाउज शिवावेच लागतील.

चिन्हाचं असं आहे की ज्याच्या खिशात ५०० आहेत तो २०० वाल्यापेक्षा वर, पण तेच ५०० उधारी असली तर तो २०० उधारीवाल्याच्या खाली जातो, म्हणजे ५०० > २०० पण −५०० < −२००. ऋण संख्येनं गुणलं किंवा भागलं की दोन्ही बाजू खिशातून उधारीत जातात, म्हणून चिन्ह फिरवावंच लागतं. नुसतं वजा करताना फिरवायचं नाही, तिथं पुष्कळ पोरं फसतात. तू −२६६.५०क्ष ≥ −२५५० असं लिहिलं असशील, तर दोन्ही पदं सरळ एकमेकांच्या बाजूला ने, २५५० ≥ २६६.५०क्ष होते, फिरवायची वेळच येत नाही.

आणि पेपरात 'क्ष ≤ ९.५७, पण बॅग अर्धी मिळत नाही, म्हणून ९' ही ओळ नक्की लिही, नाहीतर ९ कुठून आले ते तपासणाऱ्याला दिसतच नाही.