जर्मनीत एक्स्चेंजचं वर्ष संपतंय. निरोपाची पार्टी मित्र देतात की आपण द्यायची?

आपणच द्यायची. तिथे निरोप घेणाराच केक किंवा खाऊ आणतो. ऑफिसात याला ‘आउसश्टांड’ म्हणतात, विद्यार्थ्यांतही रीत तीच. मित्र ठरवतील म्हणून थांबलात तर बहुधा काहीच होणार नाही, आणि त्यात कोणाचा रुसवाही नसतो. तारीख दोन-तीन आठवडे आधी कळवा, परीक्षांचा आठवडा टाळा. खाऊ म्हणून पोहे केलेत, तर 12 जणांना 1 किलो जाड पोहे पुरतात. दूध-तूप नसल्याने व्हेगन मंडळींनाही चालतात. शेंगदाणे मात्र वेगळ्या वाटीत ठेवा, ॲलर्जी असणारा एखादा निघतोच. रविवारी दुकानं बंद, म्हणून सामान शनिवारीच भरा. रात्री 10 नंतर आवाज नको, शेजारी खरंच तक्रार करतात. प्राध्यापकांना भेटीच्या ठरलेल्या वेळेतच गाठा आणि हाताने लिहिलेलं कार्ड द्या. सरकारी विद्यापीठात महागडी भेट त्यांना घेता येत नाही.

एक अपवाद: रूममेट कधीकधी गुपचूप बेत करतात. तेव्हा ‘त्या संध्याकाळी मोकळा आहेस ना?’ असं कोणी विचारलं तर फार खोदू नका. आणि पत्ता रद्द करण्याचं काम (‘आबमेल्डुंग’) घर सोडण्याच्या फार तर आठवडाभर आधी करता येतं, त्यामुळे शेवटच्या आठवड्यातली एक सकाळ त्यासाठी राखून ठेवा.