जुन्या डिस्कला हात लावू नका

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. भोसरीतली पॅकिंग लाइन, पॅनेल पीसीवर (मशीन चालवणाऱ्या कॉम्प्युटरवर) विंडोज एम्बेडेड स्टँडर्ड 7, ते जुनं झालंय, बदला असा ऑडिटमध्ये आयटीने मारलेला शेरा, त्यासाठी विंडोज 10 टाकायचा बेत, शनिवारी रात्रीचं शटडाऊन आणि सोमवारी पहिल्या शिफ्टला लाइन चालू हवी. मशीन तेवढं वेगळं, बाकी ही माझीच गोष्ट. म्हणून सविस्तर लिहितोय.

बॅकअप, ड्रायव्हर जमवून ठेवणं हे तुम्ही करालच, त्यात जात नाही. एकच गोष्ट कळकळीने सांगतो: नवी एसएसडी डिस्क आणा. जुनी काढून तिच्यावर मार्करने मशीन नंबर लिहा आणि कपाटात कुलपात ठेवा. जे काय प्रयोग करायचे ते नव्या एसएसडीवर.

मी ते केलं नाही. चाकणला आमचं लीक टेस्टचं, म्हणजे पार्टमधून हवा गळते का ते तपासणारं, मशीन होतं. एम्बेडेड 7 वरून विंडोज 10 आयओटीवर (मशीनसाठीच्या विंडोज 10 वर) थेट अपग्रेड होत नाही, कोरं इन्स्टॉलेशनच करावं लागतं. म्हणून सी ड्राइव्हची इमेज, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, घेतली. त्याआधी रेसिपीचं, म्हणजे मशीनच्या सेटिंगचं, फोल्डर उघडून पाहिलं होतं. प्रत्येक पार्टचं टेस्ट प्रेशर, सेटलिंग टाइम, रिजेक्ट लिमिट, लायसन्सची फाइल, सगळं डोळ्यांसमोर. सगळं आलं असं समजून विंडोजच्या सेटअपमध्ये सगळी पार्टिशनं (डिस्कचे भाग) उडवली.

पुढे सीरियल कार्डाचा (ज्यातून पीसी मशीनशी बोलतो त्याचा) ड्रायव्हर चढेना. 64 बिट विंडोजवर जुना 32 बिट ड्रायव्हर चालतच नाही, हे मी आधी तपासायला हवं होतं. पहाटे चारला हार मानून इमेज परत टाकली, बूट दुरुस्त करण्यात तासभर गेला, मशीन चालू झालं, आणि रेसिपीचं फोल्डर उघडेचना.

झालं होतं असं. सी ड्राइव्हवर राइट फिल्टर होता, म्हणजे तिथे लिहिलेलं सगळं रॅममध्ये राहतं आणि रीस्टार्टला जातं. म्हणून बदलणाऱ्या फायलींसाठी मशीनवाल्यांनी वेगळं पार्टिशन केलं होतं, पण त्याला डी, ई असं अक्षर न देता ते सी मधल्या एका फोल्डरला जोडलं होतं. बघताना ते साधं फोल्डरच वाटतं. सी च्या इमेजमध्ये मात्र नुसता पत्ता येतो, आतला माल येत नाही. विंडोजमधलं डिस्क मॅनेजमेंट उघडलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं. तेव्हा इमेज घ्याल ती पूर्ण डिस्कची, आणि ती दुसऱ्या डिस्कवर टाकून मशीन तिच्यावर खरंच चालवून बघा. त्याशिवाय तिला बॅकअप म्हणू नका.

मग मशीनवाल्यांचा सर्व्हिस विभाग. नाव घेत नाही. लायसन्स पार्टिशनच्या सीरियल नंबरला बांधलेलं होतं आणि तो नंबर फॉरमॅट केला की बदलतो. मला हवी होती दोन ओळींची फाइल. त्यांना हवी होती मूळ पीओची (खरेदी ऑर्डरची) प्रत, मग इन्व्हॉइस, मग मशीनच्या नेमप्लेटचा फोटो. दर मेलला नवा माणूस, आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगा. एकाने तर ‘ही आवृत्ती सपोर्टमध्ये नाही’ म्हणून नव्या कंट्रोलरचं कोटेशनच पाठवलं. नऊ दिवस गेले. रेसिपी क्वालिटीच्या कंट्रोल प्लॅनवरून (तपासणीच्या मर्यादा लिहिलेल्या कागदावरून) हाताने भरल्या. तोवर दर शिफ्टला दोन पोरं पार्टमध्ये हवा भरून पाण्याच्या टाकीत बुडवायची आणि बुडबुडे बघायची. थंडीचे दिवस होते, तिसऱ्या शिफ्टच्या पोरांची बोटं भिजून पांढरी पडायची. त्यांची काहीच चूक नव्हती. ते मला अजून बोचतं.

म्हणून लायसन्स पुन्हा मिळेल का आणि किती दिवसांत, हे आजच लेखी विचारा. उत्तर येईपर्यंत शटडाऊनची तारीख देऊ नका, मॅनेजर कितीही मागे लागू देत.

आता माझं मत, पटलं तर घ्या. एम्बेडेड 7 चा सपोर्ट 13 ऑक्टोबर 2020 लाच संपला, आयटीचं म्हणणं चूक नाही. पण मशीन नेटवर्कवर नसेल तर घाई कशाला? असेल तर आधी ते वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात) फायरवॉलमागे टाका, मग सवडीने अपग्रेड करा. नवं विंडोज घेताना नाव नीट वाचा: ‘आयओटी एंटरप्राइझ एलटीएससी 2021’ ला जानेवारी 2032 पर्यंत सपोर्ट आहे, नुसत्या ‘एंटरप्राइझ एलटीएससी 2021’ ला जानेवारी 2027 पर्यंतच. परचेसवाल्यांना दोन्ही सारखीच वाटतात.

आणखी एक. बायोसच्या (पीसी चालू होतानाच्या सेटिंगच्या) प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा आणि ती सेटिंग टिकवणारा मदरबोर्डवरचा सीआर2032 सेल आधीच बदला. जुना सेल मेलेला असला की पॉवर काढल्यावर साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) आयडीईचा एएचसीआय होऊन बसतो आणि जुनी डिस्कही निळा स्क्रीन दाखवते. कॉम (सीरियल) पोर्टचे नंबरही लिहून ठेवा, नव्या विंडोजमध्ये ते बदलतात. नवा राइट फिल्टर आठवडाभर लाइन नीट चालल्यावरच चालू करा.

तुमचं मशीन मी पाहिलेलं नाही, एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) असेल तर त्या लोकांना विचारल्याशिवाय पॅनेल उघडू नका. डिस्क मॅनेजमेंटच्या स्क्रीनचा फोटो इथे टाका, पार्टिशनं कशी आहेत ते बघून सांगतो.