व्हिएतनामचं राष्ट्रगीत लिहिणाऱ्या वान काव यांच्या गाण्यांवर त्यांच्याच देशात बंदी होती का?

हो, जवळपास तशीच परिस्थिती होती. फक्त राष्ट्रगीत त्यातून सुटलं. हायफाँगमध्ये 1923 साली जन्मलेल्या वान काव यांनी 1944 च्या हिवाळ्यात हनोईत, व्हिएत मिन्ह या कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखालील स्वातंत्र्य चळवळीच्या क्रांतिकारकांसाठी, 'तिएन क्वान का' हे कूचगीत रचलं. वय जेमतेम एकवीस. त्याच वर्षी ते 'दॉक लाप' या भूमिगत पत्रात शिळाछापावर निघालं, आणि शिळेवर अक्षरं लिहिणारा हात वान काव यांचाच होता. हे त्यांनी पुढे 1976 मध्ये, गाणं का लिहिलं ते सांगताना नोंदवलं आहे. ऑगस्ट 1945 च्या क्रांतीनंतर तेच राष्ट्रगीत झालं.

मग 1956 च्या सुमारास 'न्हान वान' आणि 'ज्याई फाम' या नियतकालिकांतून लेखक-कलावंतांनी मोकळ्या अभिव्यक्तीची मागणी केली. वान काव त्यांच्यासोबत होते. सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाने ती चळवळ मोडून काढली आणि वान काव यांची इतर गाणी देशाच्या उत्तर भागात जवळजवळ तीस वर्षं जाहीरपणे ऐकू येईनाशी झाली. 1981 मध्ये तर नवं राष्ट्रगीत निवडायला स्पर्धाही घेतली. शेवटी जुनंच कायम राहिलं! ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात, 'दोई मोई' या आर्थिक सुधारणांनंतर, त्यांची गाणी परत आली. हो चि मिन्ह पुरस्कार मात्र मिळाला 1996 मध्ये, मृत्यूनंतरच्या वर्षी.

एक लक्षात घ्या: राष्ट्रगीतही जसंच्या तसं राहिलं नाही. शत्रूचं रक्त पिण्याची शपथ असलेली मूळ ओळ नंतर बदलली गेली.