शब्दशंका: ‘ग्लॅमरस’ म्हणजे नुसते सुंदर नव्हे

प्रश्न : रंगभूमी दिनाच्या कार्यक्रमाचे निवेदन लिहिताना माझ्या नातीने एका अभिनेत्रीला ‘ग्लॅमरस’ म्हटले. मी ‘सुंदर’ हा शब्द सुचविला, पण तिला तो पटला नाही. या शब्दाचा नेमका अर्थ व उगम काय, आणि मराठीत त्याला कोणता शब्द चालेल?
— एक निवृत्त शिक्षिका, विश्रामबाग, सांगली

उत्तर : आपल्या नातीचे म्हणणे योग्य आहे. सौंदर्य माणसाच्या ठायी असते. ‘ग्लॅमर’ मात्र पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर चालते. प्रकाश, पेहराव, प्रसिद्धी आणि थोडेसे अंतर यांमुळे जे भारून टाकणारे आकर्षण निर्माण होते, ते ज्याच्यापाशी आहे तो ‘ग्लॅमरस’.

आपण आयुष्यभर शिकविण्याचे काम केले असल्याने या शब्दाचे मूळ आपल्याला विशेष आवडेल, कारण ते चक्क व्याकरणात आहे. ‘ग्रामा’ म्हणजे अक्षर या ग्रीक शब्दावरून लॅटिनमार्गे ‘ग्रामर’ आला. मध्ययुगीन युरोपात लिहिता-वाचता येणारे लोक मोजकेच होते, आणि ‘ग्रामर’ म्हणजे एकूणच लॅटिनमधील विद्या. त्यामुळे पोथ्या वाचणाऱ्याला मंत्रतंत्रही येत असणार, अशी निरक्षर समाजाची समजूत होती. फ्रेंचमध्ये याच मुळापासून जादूटोण्याच्या पोथीला ‘ग्रिम्वार’ हे नाव मिळाले. स्कॉटलंडच्या बोलीत १८व्या शतकात ‘ग्रामर’चे ‘ग्लॅमर’ झाले आणि त्याचा अर्थ होता मंत्राने केलेली नजरबंदी, म्हणजे नसलेले दिसायला लावणे. पुढे स्कॉटिश कवी-कादंबरीकार वॉल्टर स्कॉट यांच्या लेखनामुळे तो शब्द इंग्रजीत सर्वत्र पोहोचला, आणि २०व्या शतकात चित्रपटसृष्टीने त्याला आजचे झगमगते रूप दिले.

‘र’चा ‘ल’ कसा झाला, हे समजून घ्यायला आपल्याला सांगलीच्या हळद बाजारापलीकडे जाण्याची गरज नाही. संस्कृत ‘हरिद्रा’मध्ये दोन ‘र’ होते. त्यांतील पहिल्याचा प्राकृतात ‘ल’ व मराठीत ‘ळ’ होऊन ‘हळद’ झाली. ‘ग्रामर’मधल्या दोन ‘र’कारांपैकी पहिलाच बदलला आहे. एकाच शब्दात तोच वर्ण दोनदा आला, की जीभ अनेकदा त्यांपैकी एक बदलून घेते.

मराठीत ‘मोहक’ हा शब्द मला येथे सौम्य वाटतो. ‘गारूड’ आणि ‘भुरळ’ अधिक जवळचे आहेत, कारण त्यांतही मंत्राचा तोच अंश आहे. निवेदनात ‘प्रेक्षकांना भुरळ घालणारी अभिनेत्री’ असे लिहावे. पेहरावाविषयी किंवा सोहळ्याविषयी बोलायचे असेल, तर ‘ग्लॅमरस’ तसाच ठेवण्यास हरकत नाही.