एकर मोजून अधिवास मिळत नाही

टेक्सासच्या दक्षिण टोकाला, रिओ ग्रांदे नदीच्या मुखाजवळ बोका चिका राज्य उद्यान आहे. तिथली काही जमीन स्पेसएक्स या रॉकेट कंपनीला द्यायची आणि बदल्यात दुसरीकडची घ्यायची, या अदलाबदलीवर अजून पत्रं येताहेत आणि निम्म्या पत्रांत तेच व्हॉट्सॲपी गैरसमज. म्हणून एकदाच उत्तरं देतो.

प्रश्न : स्पेसएक्सला अख्खा समुद्रकिनारा देऊन टाकला हे खरं का?

नाही. ४३ एकर उद्यानाचे द्यायचे आणि ४७७ एकर दुसरीकडचे घ्यायचे, असा प्रस्ताव राज्याच्या उद्यान व वन्यजीव आयोगाने मार्च २०२४ मध्ये मंजूर केला. सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीनेच माघार घेतली. सौदा झालाच नाही.

प्रश्न : ४३ देऊन ४७७ मिळत होते, म्हणजे अकरापट! मग पर्यावरण संस्था कोर्टात का गेल्या?

हा 'अकरापट' शब्द ऐकून कान किटले आहेत. तो हिशेब क्षेत्रफळाचा झाला, पाखरांचा नव्हे.

बोका चिकाच्या पुळणीमागे सपाट चिखलपट्टे आहेत. मेक्सिकोच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक अगदी थोडा, त्यामुळे या पट्ट्यांवर पाणी चढतं ते मुख्यतः वाऱ्याने. वारा फिरला की पाणी उतरतं आणि ओल्या मातीवर शेवाळी थर धरतो. त्यातले किडे-अळ्या टिपायला पायपिंग प्लोव्हर हा मुठीत मावेल एवढा पक्षी हिवाळ्यात येतो. या थरावरून एकदा गाडी गेली तर चाकोरी वर्षानुवर्षं बुजत नाही. बोटभर खोलीचं पाणी पसरायचं सोडून चाकोरीत साचतं आणि शेजारचा पट्टा कोरडा पडतो. अशी जमीन कुणी विकत घेऊन दुसरीकडे 'तयार' करून देत नाही.

बदल्यात मिळणारी जमीन होती लागुना अतास्कोसा वन्यजीव आश्रयस्थानाजवळ. तो परिसर ओसलॉट या ठिपकेदार रानमांजराचा, त्याला दाट काटेरी झुडपं लागतात. ओसलॉटचं भलं व्हावंच, पण प्लोव्हरचं देणं ओसलॉटला देऊन फिटत नाही.

शिवाय ते ४३ एकर सलग नव्हते, विखुरलेले तुकडे होते. तुकडा जितका लहान तितकी क्षेत्राच्या मानाने त्याची कड जास्त, आणि प्रकाश, आवाज, सांडपाणी कडेवरूनच शेजारच्या उद्यानात शिरतं. आणखी एक विचारायचं राहून जातं : मिळणारी जमीन नाहीतरी मोकळीच राहणार होती का? तसं असेल तर फायदा फक्त कागदावर.

असा प्रस्ताव कुठेही आला तरी दोन्ही जमिनींची पाहणी हिवाळ्यात आणि विणीच्या हंगामात, दोन्ही वेळा झालेली हवी. ती पक्षितज्ज्ञाकडून तपासून घ्या. एका दुपारच्या फेरीवर लिहिलेला अहवाल बाजूला ठेवा.

प्रश्न : आम्ही ह्यूस्टनला असतो. पुन्हा असा प्रस्ताव आला तर हरकत कशी घ्यायची?

तिथल्या उद्यान व वन्यजीव संहितेचं २६वं प्रकरण वाचा. उद्यानाची जमीन दुसऱ्या कामाला द्यायची तर सुनावणी घ्यावी लागते आणि व्यवहार्य पर्याय उरलेला नाही हे ठरवावं लागतं. सूचना सलग तीन आठवडे वृत्तपत्रात येते. शेवटची येते ती सुनावणीच्या एक ते दोन आठवडे आधी. पत्रात भावना कमी आणि तपशील जास्त लिहा : भूखंड क्रमांक, कुठला प्राणी, कुठल्या तारखेला दिसला, पर्यायी जागा कोणती. मंजुरीनंतर कोर्टात जायला फक्त ३० दिवस मिळतात. एकतिसाव्या दिवशी जागे होणाऱ्यांची पत्रं मला येतात, त्यांना देण्यासारखं उत्तर माझ्याकडे नसतं. मंजुरीच्या आठवड्यातच टेक्सासचा वकील गाठा.

प्रश्न : तिथल्या पुळणीवर लोकांना जाता येतं का?

येतं, १९५९च्या खुल्या किनाऱ्यांच्या कायद्यामुळे. मात्र रॉकेट उड्डाणासाठी किनारा तात्पुरता बंद होतो, तेव्हा निघण्यापूर्वी स्थानिक प्रशासनाची सूचना पाहा.

प्रश्न : दापोलीजवळ किनाऱ्याला लागून आमची जमीन आहे. एजंट म्हणतो, मागच्या डोंगरातल्या जमिनीशी अदलाबदल करा, मुद्रांक शुल्क लागत नाही आणि बांधकामाचं मी बघतो.

दोन्ही थापा. अदलाबदलीचा दस्त नोंदवावा लागतो आणि शुल्क दोहोंतल्या जास्त किमतीच्या मिळकतीवर, खरेदीखताच्या दराने बसतं. बांधकाम कुठे होईल हे ठरवणारी भरतीरेषा एजंटच्या टेपने ठरत नाही, ती मंजूर किनारा व्यवस्थापन नकाशावर असते. २०१९च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेप्रमाणे विरळ वस्तीच्या ग्रामीण भागात त्या रेषेपासून २०० मीटर ना-विकास क्षेत्र आहे, आणि कासवांच्या विणीची जागा तर सीआरझेड-१ अ या सर्वांत संवेदनशील गटातच मोडते. आधी भूमी अभिलेखकडून मोजणी, मग सातबारा आणि जुने फेरफार, मग वकील. इसार त्यानंतर.

प्रश्न : आमच्या जागेपुढच्या वाळूत कासवाने अंडी घातली आहेत. सुरक्षित जागी हलवू का?

नाही. आपल्या किनाऱ्यावर विणारं ऑलिव्ह रिडले कासव वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहे. (बोका चिकाला येणारं केम्प्स रिडले त्याचंच भावंड.) अंडं घातल्यावर काही तासांनी हलवलं, फिरवलं तर आतला गर्भ मरू शकतो. कुत्री आवरा, समुद्राकडचे दिवे बंद ठेवा आणि वनरक्षकाला आजच फोन करा.