असंगत, विसंगत की अवास्तव?

प्रश्न असा आहे: दुसऱ्या महायुद्धानंतरच्या युरोपीय रंगभूमीवर लिहिताना ‘ॲब्सर्ड’ नाटकाला, म्हणजे ज्यात घटनांना कारण वा अर्थ सापडत नाही अशा नाटकाला, विसंगत म्हणावं की असंगत? आणि ‘वास्तववादी’च्या विरुद्ध म्हणून सरळ ‘अवास्तव नाटक’ म्हटलं तर चालेल का?

आधी अवास्तवचा निकाल लावू. तो शब्द मराठीत केव्हाच पैशाअडक्याच्या मागे गेला. अवास्तव भाडं, अवास्तव हुंडा, अवास्तव अपेक्षा. वाजवीपेक्षा जास्त, एवढंच आता त्यात उरलंय. ‘अवास्तव नाटक’ म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर तीनऐवजी पाच तास चाललेला प्रयोग येतो.

विसंगत बरा, पण त्याला ‘कशाशी?’ हे शेपूट कायम असतं. साक्षीदाराचा आजचा जबाब कालच्या जबाबाशी विसंगत. शिवाय विसंगती आपल्याकडे विनोदाच्या सातबाऱ्यावर चढलेली आहे. वाचक लगेच हसायची तयारी करतो.

माझं मत असंगतला. आपण तापातल्या बडबडीला असंगत म्हणतो, तिथे ‘कशाशी’ कोणी विचारत नाही. दुसरं कारण जास्त गंमतीचं आहे. लॅटिन ‘आब्सुर्दुस’चा जुना अर्थ बेसूर, सुराला सोडून. समीक्षक मार्टिन एस्लिननं 1961 साली ‘द थिएटर ऑफ द ॲब्सर्ड’ लिहून हे नाव रूढ केलं, तेव्हा त्यानंही या सांगीतिक अर्थाची आठवण दिली होती. आता मराठी कानानं ऐका: तबल्याची संगत, पेटीची संगत. माणूस गातोय आणि जगाकडून संगत नाही, ठेका नाही. फ्रेंच लेखक काम्यूनं 1942 मध्ये माणूस आणि त्याचं जगणं यांच्यातली फारकत म्हणून जे मांडलं, ते या एका शब्दात आपसूक बसतं. ‘ॲब्सर्ड’चं ‘असंगत’ करणाऱ्यानं हे योजलं होतं की नशिबानं जमलं, देव जाणे.

पण असंगत म्हणजे वास्तववादीच्या नेमकं उलट, असं मात्र लिहू नका. दोन्हीकडच्या वस्तू खऱ्याच असतात. फरक पडतो तो वस्तूला कारण असण्या-नसण्यात. जॉन ऑस्बॉर्नचं ‘लुक बॅक इन अँगर’ लंडनच्या रॉयल कोर्टमध्ये 8 मे 1956 ला आलं. पडदा उघडतो तेव्हा नायकाची बायको ॲलिसन इस्त्री करत उभी असते. तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीला त्याच फळीवर तिची मैत्रीण हेलेना इस्त्री करत असते. कुणी काही बोलायच्या आधीच मधल्या काळात घरात काय घडलं ते प्रेक्षकाला कळतं. वास्तववादी नाटकातली इस्त्रीसुद्धा हिशेब देते.

सॅम्युएल बेकेटच्या ‘वेटिंग फॉर गोदो’त (पॅरिस, 5 जानेवारी 1953) पहिल्या अंकातलं झाड निष्पर्ण. दुसऱ्या अंकात, म्हणजे म्हणे दुसऱ्याच दिवशी, त्याला चार-पाच पानं. का? सांगत नाहीत. गोदोची वाट पाहणाऱ्या दोघांपैकी एक, एस्त्रागॉन, समोरचे बूट पाहून म्हणतो, हे माझे नव्हेत, रंग वेगळा आहे. बूट बूटच असतो, चावतोही. फक्त त्याचा हिशेब लागत नाही.

इंग्रज नाटककार हॅरॉल्ड पिंटर तर दोन्ही डगरींवर पाय ठेवून उभा. ‘द बर्थडे पार्टी’ (1958) सुरू होतं नवरा-बायकोच्या कॉर्नफ्लेक्सच्या गप्पांनी, आपल्या शेजारच्या घरात ऐकू याव्यात तशा. मग दोन अनोळखी माणसं येतात आणि त्यांच्या भाडेकरूला, स्टॅन्लीला, घेऊन जातात. त्याचा गुन्हा काय, हे शेवटपर्यंत कळत नाही. इथे दोन्ही विशेषणं चालतील, आणि एकही पुरणार नाही.

जाता जाता: ‘न-नाट्य’ (अँटी-प्ले) हा शब्द यासाठी सरसकट वापरू नये. नाटककार आयनेस्कोनं ‘द बाल्ड सोप्रानो’ला (1950) स्वतःच तसं उपशीर्षक दिलं होतं, तिथे तो चपखल. बेकेटला तो लावला की शिवी दिल्यासारखा वाटतो.

आणि सतीश आळेकरांचं ‘महानिर्वाण’ (1974)? त्यालाही ‘असंगत’चा शिक्का मारलेला दिसतो. मला तिथे अडखळायला होतं. मेलेला भाऊराव उठून कीर्तन करतो, हे असंगत खरंच. पण कीर्तन म्हटलं की मागे साथ आलीच.