आधी सासूबाईंचं कपाट उघड

डॅलसहून एका मैत्रिणीचं पत्र आलंय. ती लिहिते, "डिसेंबरात सासऱ्यांचं सहस्रचंद्रदर्शन आहे, म्हणून सगळे कोल्हापूरला जमतोय. दुसऱ्या दिवशी रंकाळ्यावर फोटो काढायचेत. मी अकरा जणांचे मोतिया रंगाचे कपडे इथूनच मागवले. आईंना व्हिडिओ कॉलवर साडी दाखवली, तर म्हणाल्या, 'पांढरं कशाला गं? कुणाचा दहावा हाय काय?' मला फार लागलं. माझं काय चुकलं?"

लागणारच गं. रात्री जागून अकरा जणांची मापं जुळवायची आणि वर हे ऐकायचं! पण सासूबाईंनी एका वाक्यात जे सांगितलं, ते तुला कोणी फोटोग्राफर सांगणार नाही. नवऱ्याला एक्याऐंशी वर्षं झाल्याच्या आनंदात ती बाई पांढरट साडी का नेसेल?

शिवाय आपल्या सावळ्या चेहऱ्यांना असे कपडे सोसत नाहीत. उन्हात कपडे पांढरेफटक दिसू नयेत म्हणून कॅमेऱ्याचा उजेड कमी करावा लागतो आणि मग चेहरे काळवंडतात. परदेशातल्या समुद्रकिनाऱ्यावरचे फोटो बघून आपण रंग ठरवतो, तिथेच घोळ होतो.

मी दर वेळी सांगते, आजही सांगणार : घरच्या फोटोचे रंग घरातल्या सगळ्यांत थोरल्या बाईच्या साडीवरून ठरवायचे. नवी साडी घ्यायची नाही. तिच्या कपाटातली, तिची नेसून मऊ झालेली साडी घ्यायची.

माझ्या धाकट्या भावानं मेलबर्नहून सगळ्यांसाठी एकाच निळ्या रंगाचे कपडे आणले होते. फोटोत आम्ही वरातीतल्या बँडवाल्यांसारखे दिसतो. पण मला खुपतं ते वेगळंच. त्या सगळ्या फोटोंत आईचा डावा हात निऱ्यांवर आहे. ते बुळबुळीत कापड सुटतंय की काय, या धास्तीनं ती हसलीच नाही. पुढं भाचीच्या लग्नात तिनं आपली इरकल नेसली. हिरवं अंग, लाल काठ, लाल पदरावर पांढरी कळसाची नक्षी आणि खणाची चोळी. वहिनीनं तो काठ बघून स्वतःसाठी हळदी रंगाची साडी काढली, भावानं साधा राखाडी कुर्ता घातला. मेलबर्नच्या घरात आज तोच फोटो लावलाय. निळे फोनमध्ये पडून आहेत.

तेव्हा आजच फोन कर आणि विचार, "आई, तुम्ही कुठली नेसणार?" साडीचा फोटो दिवसाउजेडी, खिडकीपाशी काढून मागव. काठाचा रंग दोघा-तिघांना दे, अंगाचा रंग आणखी दोघांना, तोही थोडा फिका किंवा गडद. बाकीच्यांना राखाडी, हळदी, मातकट असे शांत रंग. एकाच रंगाची माणसं शेजारी उभी करू नकोस. बारीक चौकडी आणि बारीक रेघा नकोत, स्क्रीनवर त्या थरथरतात. भडक नारिंगी, पोपटी रंगांची झाक हनुवटीवर येते, तेही टाळ. न्यू पॅलेसलाही जायचं म्हणतेस, तर लक्षात ठेव, 1884 चा तो राजवाडा काळ्या दगडाचा आहे. त्याच्यापुढं काळे, गडद निळे कपडे बुडून जातात. सासूबाईंचा काठ लाल असेल, तर त्याला मात्र तो दगड छान उठाव देईल.

मोतिया कपडे परत होत नसतील तर मुलांना सदरे म्हणून एक-दोन चालतील. अकरा नव्हेत!

आता तुझे बाकीचे प्रश्न. नवऱ्याला फेटा हवाय? बांधू दे, पण भगवा फेटा सासऱ्यांना, त्याला दुसऱ्या रंगाचा. दहा वर्षांचा मुलगा कुर्ता घालत नाही, कारण गळ्याची जर टोचते. आतून मऊ सुती पट्टी लावून घे आणि त्याची समजूत घालणं आजोबांवर सोपव. कोल्हापुरी चपला चप्पल लाईनला आल्याबरोबर घ्या, तेल लावून घरात चार दिवस वापरा. नव्या चपला चावल्या की माणूस फोटोत लंगडाच उभा राहतो. अंबाबाईला जरूर जा, पण देवळात आत फोटो काढता येत नाहीत, तेव्हा तो बेत यादीतून काढ.

आणि रंकाळ्यावर संध्याकाळी नको, सकाळी जा. गावाच्या बाजूला पाण्याकडे पाठ करून उभं राहिलं की सकाळचं कोवळं ऊन तोंडावर येतं. संध्याकाळी सूर्य पाठीमागं जातो, चेहरे अंधारात. सासऱ्यांचा नाश्ता आणि गोळ्या नऊला असतात, असं तूच लिहिलंयस. मग सासू-सासऱ्यांचे फोटो आधी उरकायला सांग आणि त्यांना गाडीनं घरी पाठव. तुमचे चालू देत मग दुपारपर्यंत.